जुन्या करारातल्या रानप्राण्यांचा कार्डसेट: घ्यायचा का? संडे स्कूलमध्ये वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या जालन्याच्या संडे स्कूलसाठी मी बायबलच्या जुन्या करारातल्या रानप्राण्यांचा हा चित्रकार्डांचा सेट मागवला होता, आणि आता बीड, परभणी, लातूरकडच्या ओळखीच्या टीचर विचारायल्यात की कसा आहे, पैसे वसूल होतात का, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहिते. माझं उत्तर हो, घ्या. पण लेकरांच्या हातात द्यायच्या आधी सात-आठ कार्डं बाजूला काढा, त्यांच्यावरचा प्राणीच चुकीचा आहे, आणि लेकराच्या डोक्यात एकदा चित्र बसलं की मग मोठेपणी कितीही शिकवा ते निघत नाही.

आधी सेट काय आहे ते सांगते. चाळीसेक कार्डं, पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, एका बाजूला रंगीत चित्र, मागं प्राण्याचं मराठी नाव, हिब्रू नाव देवनागरीत, कुठल्या अध्यायात येतो ते, आणि तो कुठं राहतो त्याचा बारका नकाशा. सोबत एक पातळ पुस्तिका. भिंतीवर लावायचा तक्ता वेगळा मिळतो. प्रकाशकाचं नाव इथं लिहीत नाही, चुका त्यांना व्हॉट्सअॅपवर कळवल्यात, पुढच्या छपाईत बघतो म्हणालेत.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं समजेल. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, प्राणी ओळखायचा तर माझ्या मते दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे वचनात तो प्राणी काय करतो, कुठं राहतो, आणि दुसरी म्हणजे तो त्या मुलखात खरंच होता का. ज्या कार्डांना हे दोन्ही बघून चित्र काढलंय ती इतकी सुंदर झालीत की मी स्वतः परत परत बघते, आणि जिथं युरोपातल्या कुठल्या तरी जुन्या चित्राची कॉपी मारलीय तिथं सगळा घोळ झालाय.

सगळ्यात भारी कार्ड शाफानचं. लेवीय ११ मध्ये उंट, शाफान, ससा आणि डुक्कर असे चार एका पाठोपाठ येतात, खायचे नाहीत म्हणून. शाफान म्हणजे रॉक हायरॅक्स, आणि हा भारतात नाहीच, त्यामुळं शिकवणारे कुठं ससा तर कुठं घूस सांगून वेळ मारून नेतात. कार्डावर खडकाच्या कपारीत बसलेली चार जनावरं आहेत, तपकिरी, गुबगुबीत, कान आखूड, शेपूट दिसतच नाही, आणि एक जण वरच्या दगडावर बसून राखण करायलाय. ही राखण खरी आहे बरं, कळपातला एक वर बसतो आणि शिकारी पक्षी दिसला की ओरडून सगळ्यांना आत पळवतो. खालच्या कोपऱ्यात पायाच्या तळव्याचं वेगळं चित्र दिलंय, बुटाच्या रबरी सोलसारखी जाड मऊ गादी आणि ती कायम ओलसर, त्यामुळं उभ्या खडकावर पाय घसरत नाही. आता हे बघून नीतिसूत्रे ३०:२६ वाचा, अंगात बळ नाही पण घर करतात खडकात, आणि स्तोत्र १०४:१८ वाचा, तिथं पण खडक हाच त्यांचा आसरा. ससा खडकात राहत नाही, घूस पण नाही. वचन आणि प्राणी असे समोरासमोर ठेवले की लेकरं स्वतःच ओळखतात, आपल्याला काही सांगायची गरज पडत नाही. वजन दोन ते पाच किलो, पण नात्यानं हत्तीचा जवळचा, हे वाचून तर पोरं खूशच झाली.

आणि याच कार्डाबद्दल पुस्तिकेचं मला अजून एक आवडलं. लेवीयात शाफान आणि ससा रवंथ करतात असं आहे, आणि प्राणिशास्त्राच्या हिशोबानं दोघांनाही गाईसारखं रवंथीचं पोट नाही. पुस्तिकेनं हे झाकून ठेवलं नाही. सरळ लिहिलंय की हायरॅक्स बसल्या जागी जबडा असा हलवत राहतो की बघणाऱ्याला रवंथच वाटेल, आणि ससा स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातो म्हणजे खाल्लेलं दुसऱ्यांदा पोटातून जातं. त्या काळच्या माणसानं डोळ्यांनी जे बघितलं ते लिहिलं. दहावीतलं पोरगं विज्ञानाचं पुस्तक घेऊन प्रश्न विचारायला आलं की अशा वेळी टीचरला हे माहीत पाहिजे, नाहीतर पोरगं एक तर गप्प बसतं किंवा यायचंच बंद होतं.

रानबकऱ्याचं कार्ड पण बरोबर आहे. न्युबियन आयबेक्स, मागं वळलेली लांब शिंगं, शिंगांवर गाठी. दावीद शौलापासून लपायला एन-गेदीला गेला तिथं १ शमुवेल २४ मध्ये रानबकऱ्यांच्या खडकांचं नाव येतं, आणि मृत समुद्राच्या काठच्या त्या एन-गेदीत आजही आयबेक्स आणि हायरॅक्स दोन्ही दिसतात. स्तोत्र १०४ मध्ये दोघं एकाच वचनात आहेत ते उगीच नाही.

रानगाढवाचं कार्ड मात्र मी प्रत्येक वर्गात काढते. ईयोब ३९ मध्ये देव विचारतो, रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं, ओसाड रान त्याचं घर आणि खारी जमीन त्याचा मुक्काम, गावातल्या गोंगाटाकडं ते ढुंकून बघत नाही, हाकणाऱ्याचं ओरडणं त्याच्या कानावर येत नाही. तिकडचं सिरियाचं रानगाढव १९२७ च्या सुमारास कायमचं संपलं. पण त्याच जातीचं भारतीय रानगाढव, ज्याला गुजरातेत खूर म्हणतात, ते कच्छच्या छोट्या रणात आजही आहे, आणि रण म्हणजे काय तर मैलोन्‌मैल खारी जमीन! म्हणजे ईयोबातलं वचन बघायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही, रेल्वेनं जाऊन बघता येतं. कार्डावर नकाशा फक्त पश्चिम आशियाचाच दाखवलाय, गुजरात दाखवायला पाहिजे होतं, मी पेननं बाण काढून लिहिलंय.

आता लांडगा. कार्डावर बर्फातला जाडजूड केसाळ राखाडी लांडगा आहे. आमच्या वर्गात मेंढरंवाल्या घरचा एक पोरगा येतो, एरवी फार बोलत नाही. त्यानं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं आणि म्हणाला, “टीचर, ह्यो लांडगा नाही. लांडगा येवढा फुगीर नसतो, बारीक असतो, पाय लांब, मातीच्या रंगाचा, बसला तर दिसत बी नाही.” मी विचारलं येतो कधी, तर म्हणाला, “दिवस मावळताना. मेंढरं वाड्यात घालायच्या टायमाला.” मी त्यालाच हबक्कूक १:८ काढायला लावलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं, मग सफन्या ३:३. दोन्हीकडं लांडगे संध्याकाळचेच आहेत! त्याला वाचताना नीट जमत नव्हतं पण त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्याकडं बघायलता, आणि नंतर एका पोरीनं त्याला विचारलं की मेंढरं मोजता कशी, कुत्री किती ठेवता. इस्राएलच्या बाजूचा लांडगा पण आपल्या माळावरच्या लांडग्यासारखाच बारीक अंगाचा आणि फिक्या रंगाचा असतो, बर्फातला नाही. या एका कार्डासाठी आपल्या रानातला एखादा चांगला फोटो छापला असता तर काम झालं असतं.

कोल्ह्याच्या कार्डावर लालभडक अंगाचा, शेपटीला पांढरं टोक असलेला युरोपातला फॉक्स आहे. अहो पण आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो जॅकल, आणि फॉक्सला आपल्याकडं खोकड म्हणतात, खेड्यातल्या लेकरांना हा फरक पक्का माहीत असतो. शास्त्रातला हिब्रू शब्द शुआल, तो कधी हा असू शकतो कधी तो, त्या मुलखात दोन्ही आहेत, म्हणून इथं दोन कार्डं पाहिजे होती. शास्ते १५ मध्ये शमशोन तीनशे शुआल धरतो, दोन-दोनांच्या शेपट्या बांधून मध्ये मशाली लावतो आणि पलिष्ट्यांच्या काढणीला आलेल्या गव्हात सोडतो. खोकड एकटंदुकटं फिरतं, कोल्हे टोळीनं फिरतात, गावाच्या आसपास राहतात, म्हणून बरेच अभ्यासक इथं कोल्हाच धरतात. स्तोत्र ६३:१० मध्ये मेलेली माणसं शुआलांच्या वाट्याला जातात, मढी खाणं हे पण कोल्ह्याचंच काम. गीतरत्न २:१५ मधले द्राक्षमळे नासवणारे मात्र दोघंही असू शकतात, दोघांनाही द्राक्षं आवडतात. आपल्याकडं कोल्हे उसात, भुईमुगात काय नुकसान करतात ते ज्याच्या वावरात झालंय त्याला विचारा, त्याला हे वचन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बिबट्याचं कार्ड तर सरळ बदलूनच टाका. चित्रात चित्ता आहे, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ स्पष्ट दिसते, अंगावर सुटे गोल ठिपके. २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला चित्ते आणले तेव्हापासून टीव्हीवर बघून बघून लेकरांना चित्ता चांगला ओळखू येतो, त्यांना वाटलं यिर्मया १३:२३ मधला ठिपके न बदलणारा तोच. हिब्रूतला नामेर बघा काय करतो: यिर्मया ५:६ मध्ये गावांबाहेर टपून बसतो, होशेय १३:७ मध्ये रस्त्याच्या कडेला दबा धरतो, गीतरत्न ४:८ मध्ये डोंगरात राहतो. दबा धरणं, डोंगर, गावाची वेस, हे सगळं बिबट्याचं आहे, चित्ता उघड्या माळावर पळून शिकार करतो. हबक्कूकात घोड्यांचा वेग सांगताना नामेरचं नाव आलंय म्हणून काही जण चित्ता म्हणतात, आणि चित्ते त्या भागात होते हे पण खरंय, पण एका वचनावरून बाकीची वचनं सोडून देता येत नाहीत. आणि सेटमध्ये पट्टेरी वाघाचं कार्ड कशासाठी घातलंय मला कळलं नाही, हिब्रू शास्त्रात वाघ कुठंच नाही. आमची पोरं संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात वाघ बघून आलेली, त्यांनी लगेच विचारलं टीचर हा कुठल्या अध्यायात. ते कार्ड काढून टाकलंय.

अस्वल चुकलंय: काळं, छातीवर पांढरा व्ही असलेलं आपलं मध उकरणारं अस्वल छापलंय. अलीशा संदेष्ट्याच्या वेळच्या दोन अस्वली सिरियाच्या तपकिरी जातीच्या, आपल्या हिमालयात असतात त्यांच्या नात्यातल्या. सिंह ठीक आहे, आयाळ जरा आफ्रिकेच्या सिंहासारखी दाट काढलीय पण मागं लिहिलंय की दावीद आणि शमशोनाच्या काळचा सिंह आशियाई, जो आता जगात फक्त गुजरातेत उरलाय. २०२५ च्या गणतीत ते ८९१ भरले.

रानबैलाचं कार्ड बघून मला खरंच समाधान वाटलं. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी रेएमला, म्हणजे हिब्रूतल्या या रानबैलाला, एकशिंगी प्राणी केलं, तिथून १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये युनिकॉर्न आला, आणि आजही लेकरांच्या पुस्तकात कपाळावर एक शिंग असलेला घोडा दिसतो. पण अनुवाद ३३:१७ मध्येच एका रेएमची शिंगं म्हटलंय, एक शिंग नाही. ईयोब ३९ मध्ये देव विचारतो, हा तुझ्या गोठ्यात राहील का, दावं बांधून तासात चालेल का, पीक घरी आणायचं काम याच्यावर सोपवशील का. म्हणजे दिसायला बैल, अंगात बैलापेक्षा जास्त ताकद, पण जुवाखाली मान न देणारा. तो ऑरॉक्स, आपल्या गाई-बैलांच्या पूर्वजांच्या वंशातला, शेवटचा पोलंडमध्ये १६२७ मध्ये मेला. कार्डावर खांद्याशी माणूस उभा करून मापासाठी दाखवलाय, आणि शेतकऱ्याच्या पोरांना ते माप लगेच कळतं, बैलाच्या शेजारी रोज उभं राहिलेली पोरं आहेत ती.

अनुवाद १४:५ मधल्या खायला चालणाऱ्या सात रानप्राण्यांची कार्डं अर्धी बरोबर, अर्धी चूक. त्स्वी या हिब्रू नावाखाली चितळ काढलंय, अंगावर पांढरे ठिपके वगैरे, चितळ भारत-श्रीलंकेकडचं आहे, कनानात, म्हणजे इस्राएलच्या मुलखात, कुठून येणार. त्स्वी म्हणजे गॅझेल, आणि त्याचा सख्खा भाऊ आपल्या बरड माळावर फिरतो, चिंकारा! तेओच्या जागी अरबी ओरिक्स घेतलाय, सरळ लांब शिंगांचा पांढरा हरणासारखा प्राणी, हे नक्की नाही पण योग्य वाटतं, आणि मागं त्याची माहिती सुरेख आहे: १९७२ मध्ये रानातून संपला, पिंजऱ्यात वाढवलेले १९८२ मध्ये ओमानमध्ये परत सोडले. याहमूरसाठी पर्शियन फॅलो हरीण, हे पण इस्राएलातून संपलं होतं, १९७८ मध्ये इराणातल्या क्रांतीच्या धामधुमीत चार हरणं विमानानं आणली आणि १९९६ पासून त्यांची पिल्लावळ परत डोंगरात सोडायला लागले. पण झेमेरच्या कार्डावर जिराफ छापलाय. ग्रीक भाषांतरात जिराफ आहे म्हणून इथं पण जिराफ. काय खावं काय खाऊ नये हे ज्यांना सांगायचं त्यांनी तो प्राणी निदान बघितलेला तरी पाहिजे ना, वाळवंटात आणि कनानाच्या डोंगरात जिराफ कुठला. रानमेंढा जास्त शोभतो.

पक्ष्यांमधलं एकच सांगते. नेशेर या हिब्रू नावाखाली डोक्यावर भरघोस पिसं असलेला गरुड आहे. मीखा १:१६ मध्ये नेशेरसारखं टक्कल कर असं म्हटलंय, ईयोब ३९:३० मध्ये जिथं प्रेतं तिथं तो. हे ग्रिफॉन गिधाड आहे. काही जणांना गिधाड म्हटलं की वाईट वाटतं, निर्गम १९:४ मध्ये देव आपल्या लोकांना त्याच पंखांवर वाहून आणतो म्हणतो ना. मला तसं वाटत नाही. हवेत तासन्‌तास पंख न हलवता तरंगणारं ते एवढं मोठं पाखरू आहे, आणि महाराष्ट्रात जटायूला कुणी कमी लेखत नाही. दुःख वेगळंच आहे, वर्गातल्या एकाही लेकरानं गिधाड बघितलेलं नाही. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनाक या दुखणं थांबवायच्या औषधानं गिधाडं मेली, २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं तोवर फार उशीर झालेला. एका कार्डावर हे लिहा अशी विनंती मी केलीय.

बेहेमोथ आणि लिव्याथान या ईयोबातल्या दोन अवाढव्य प्राण्यांची कार्डं पुस्तिकेनं चांगली हाताळलीत. ईयोब ४० मधला बेहेमोथ बैलासारखं गवत खातो, लव्हाळ्यात आणि दलदलीत पडून राहतो, नदीला पूर आला तरी डगमगत नाही, म्हणून पाणघोडा, आणि इस्राएलच्या किनारपट्टीवर पाणघोड्याची जुनी हाडं सापडलीत हे दिलंय. देवदारासारखी शेपटी मात्र पाणघोड्याला बसत नाही हे पण लिहिलंय. लिव्याथानच्या खवल्यांवरून मगर, आणि कार्मेल डोंगराच्या दक्षिणेला तनिनीम नावाच्या नदीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खऱ्या मगरी होत्या. पण स्तोत्र ७४:१४ मध्ये लिव्याथानला अनेक डोकी आहेत, तिथं तो निव्वळ मगर राहत नाही, आणि कार्डानं दोन्ही बाजू मांडून निवड आपल्यावर सोडलीय. अशी अजून कार्डं पाहिजेत.

मोराचं कार्ड पण आहे, १ राजे १० मध्ये शलमोनाची जहाजं तीन वर्षांतून एकदा सोनं, हस्तिदंत, माकडं आणि तुक्कीयीम आणतात. हा शब्द तमिळ तोगै (मोराचा पिसारा) वरून गेला असं बरेच जण मानतात, काही जण मोर नाही वानर म्हणतात. बीडकडच्यांना सांगते, पोरांना नायगावच्या मयूर अभयारण्यात घेऊन जा आणि हा अध्याय तिथं वाचा.

बाकी व्यवहाराचं. कागद जाड आहे पण लॅमिनेशनचे कोपरे लवकर सुटतात, घेतल्या घेतल्या पारदर्शक टेपनं कडा बांधून घ्या. मागचा टाइप बारीक, माझ्यासारख्या चष्मेवाल्यांना संध्याकाळच्या उजेडात वाचवत नाही. चारशेच्या आत मिळतो, कुरिअरचे पैसे वेगळे, आणि माझं पाकीट एका कोपऱ्यातून दबून आलं पण आतली कार्डं शाबूत होती. सहा-सात वर्षांच्या लेकरांना नुसती चित्रं दाखवा, वचनं काढून ताडून बघायचं काम सातवी-आठवीच्या पुढच्यांना द्या, त्यांना ते फार आवडतं, आणि हिब्रू नावं चुकली तरी म्हणू द्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, आपल्या पोरींना चार प्राण्यांची हिब्रू नावं यायला काय हरकत आहे.

तक्ता मात्र वेगळा विकत घेऊ नका, जास्तीचे पैसे जातात. त्यात चुकीचा चित्ता, जिराफ आणि वाघ तिघंही मोठे छापलेत, आणि शाफान आहे पण मांजराएवढे कान असलेला काढलाय, कार्डावरच्या चित्राशी जुळतच नाही. मी आमच्या भिंतीवर कार्डांचेच झेरॉक्स मोठे करून लावलेत.